सुट्टे

सुपडू तोताराम सैंदाणे, निवृत्त वाहक,
बिल्ला नंबर चौसष्टशे अकरा,
आबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला
तेव्हा स्टँडवरच्या रसवाल्यानं
चरकाचे घुंगरू थांबवून विचारलं,
कोणता सैंदाणे?

आबासाहेब म्हणजे साखर कारखाना, दूध संघ,
दोन पेट्रोल पंप, मुलींचं कॉलेज,
आणि मी घड्याळं दुरुस्त करतो तो गाळा,
आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे अठरा गाळे.
चार वेळा निवडून आलेले.
इथल्या पोरांना आमदार म्हणजे काय विचारलं
तर ती आडनाव सांगतात.

अपक्षाला दहा सूचक लागतात.
नऊ झाले होते.
काउंटरच्या काचेवर फॉर्म ठेवून तो उभा राहिला,
बोलला काहीच नाही.
डोळ्याचं भिंग न काढता मी सही केली.
ती नेहमीपेक्षा मोठी आली.

त्यानं चिन्ह मागितलं बस.
मिळालं नेलकटर.
स्टँड आठ दिवस हसत होतं.

कापूस वेचणीचे दिवस, सकाळी थंडी.
आबासाहेबांच्या मळ्यात पऱ्हाटीच्या जाळावर
पोत्यांनी वांगी भाजली जात होती,
भरीत-पुरीच्या पंगती रात्री अकरापर्यंत,
आणि पानाखाली दुमडलेली पाचशेची नोट.
सुपडूकडे एक वही होती.

एकतीस वर्षांत तिकिटामागे लिहिलेले
आणि द्यायचे राहून गेलेले सुट्टे,
रोज रात्री मुक्कामाच्या गावी
डेपोच्या कंदिलाशी उतरवून घेतलेले.
नाव माहीत असेल तर नाव,
नसेल तर : धानोरे फाटा, हिरवं लुगडं, कोंबडी, बारा आणे.

तो गावोगाव जाऊन पैसे देत फिरला.
तुना दोन रुपया बाकी शेतस, मोजी ल्या.
एवढंच भाषण.
लोक मोजून घेत. काही जण व्याज मागत.
वाघळूदच्या म्हातारीनं बारा आणे ओटीत टाकले
आणि म्हणाली, लुगडं हिरवं नव्हतं, जांभळं होतं.
त्यानं वहीत दुरुस्ती केली.

मत द्या, असं तो कुणाला म्हणाल्याचं
मी तरी ऐकलं नाही.
रात्री शटर ओढताना एकदा मीच म्हणालो,
भाऊ, हा काही प्रचार नाही.
तो म्हणाला, मी कुठं म्हणतो प्रचार आहे.
मग उभा कशाला राहिलास?
तेव्हा मात्र तो बराच वेळ गप्प,
आणि मग म्हणाला, पूर्वी बस धानोऱ्यापर्यंत जायची.
कुणीतरी बंद केली ना ती.

निकालाच्या दिवशी दुपारी दोनलाच गुलाल.
आबासाहेब एकसष्ट हजारांनी.
सुपडू चारशे तीन. डिपॉझिट गेलं,
फंडातले दहा हजार.

बूथवार यादी संध्याकाळी स्टँडवर आली
आणि चहाच्या डागांसकट हातोहात फिरली.
आम्ही दहाही सूचक एकाच बूथचे, मराठी शाळा, खोली दोन.
तो स्वतः अकरावा.
नेलकटरसमोर आकडा होता नऊ.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
गाळ्याचे करार मार्चमध्ये संपतात, सगळ्यांचेच.
दोघं कमी पडले. त्यातला एक कोण,
ते मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला.
मी मान खाली घालून
एका लेडीज घड्याळाचा काटा बसवत होतो,
बसत नव्हता.
त्यानं वही उघडली, पानं मागं-मागं नेली.
सत्त्याऐंशी साल, दिवाळीची गर्दी, चोपडा गाडी,
तुझ्या बापाच्या मांडीवर तू. दीड रुपया राहिला होता.
आते कसाले, मी म्हणालो.
निवडणूक झाली ना.

त्यानं ऐकलं नसावं.
एक रुपया आणि आठ आण्याचं ते जुनं नाणं
काचेवर ठेवलं,
माझ्या सहीसारखंच वाकडं एक टिक केलं
आणि विचारलं,
वाघळूद गाडी लागली का रे?